शनिवारी मी जेवत नव्हतो

माझ्याविषयी आमच्या इमारतीत सध्या दोन हकिकती सांगितल्या जातात आणि दोन्ही चुकीच्या आहेत. पहिली अशी, की उतारवयात मला देव आठवला आणि मी शनिवारचा उपवास धरला. दुसरी अशी, की त्याच उपवासाच्या दिवशी मी शिवाजीनगरच्या एका बारमध्ये बसून बिअर पितो. पहिली सांगणारे मला भाविक समजतात, दुसरी सांगणारे ढोंगी. दोन्हीकडे शिकलेली माणसे आहेत आणि त्यांच्यापैकी एकानेही मला आधी विचारण्याची तसदी घेतली नाही. म्हणून हे लिहितो आहे. वादाची मला हौस होती, हे नाकारत नाही. ती हौस आता उरलेली नाही. चुकीचे ऐकून गप्प बसण्याची सवय मात्र अजून लागलेली नाही.

सुरुवात गुडघ्यापासून झाली. उजव्या गुडघ्याचा सांधा बदलावा लागेल असे डॉक्टरांनी सांगितले, पण त्याआधी दहा किलो वजन उतरवून या, म्हणाले. हे त्यांनी इतक्या सहजपणे सांगितले, की जणू मी दहा किलोची पिशवी दाराबाहेर ठेवायला विसरलो होतो. चालल्याशिवाय वजन उतरत नाही आणि गुडघ्यामुळे चालता येत नाही, हे मी त्यांच्या निदर्शनास आणून दिले. त्यांनी मला शेजारच्या खोलीत आहारतज्ज्ञाकडे पाठवले. ती माझ्या नातीच्या वयाची मुलगी होती. माझा मुलगा शेजारी बसला होता.

"ड्रिंक्स घेता, अंकल?"

"बिअर. शनिवारी दुपारी एक बाटली."

"ती बंद करा."

"बाकी काय बंद करायचे ते सांगा. ती होणार नाही."

मुलगा छताकडे पाहू लागला. मुलीने भात, साखर, तळलेले आणि दुपारची बिस्किटे बंद केली. मी प्रत्येकाला मान डोलावली. शेवटी ती म्हणाली, "अंकल, एक मोठी बाटली म्हणजे जवळपास एक जेवण होतं."

"मग शनिवारी दुपारी जेवणार नाही. सकाळचेही काही खाणार नाही. आता बसते का हिशेबात?"

"असं करायचं नसतं."

"बसते की नाही, एवढेच विचारतो आहे."

ती हसली आणि म्हणाली, "बसतं. पण संध्याकाळी भाकरी आणि भाजी खायचीच."

एवढीच व्यवस्था होती. तिच्यात देव कोठेही नव्हता.

शनिवार का, हेही लोक आपापल्या मनाने सांगतात. मी बेळगावकडचा. कारखान्यात नोकरी लागली म्हणून बंगळूरला आलो आणि इथलाच झालो. ड्रॉइंग ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक कन्नड गृहस्थ बसत. वयाने ते माझ्याएवढेच, तरी पहिल्या दिवशी मी त्यांना अण्णा म्हटले आणि ते तसेच राहिले. ते मला गुरू म्हणतात. त्यात आदर नाही, इथे कोणीही कोणालाही गुरू म्हणतो. कारखान्याला शनिवारी अर्धा दिवस असे. सुटलो की आम्ही दोघे शिवाजीनगरला उतरून बाजाराच्या मागच्या एका बारमध्ये एकेक बाटली घेत असू. निवृत्तीनंतरही वार तोच राहिला. अण्णा अजून त्याच बाजाराच्या पाठीमागे राहतात. त्यांना दमा आहे. गाडीत फार वेळ बसवत नाही. इतर दिवशी सून त्यांच्यावर नातवंडे सोपवून कामाला जाते आणि रविवारी त्यांची मुलगी येते. मी मुलाकडे सर्जापूर रोडला राहायला आलो, तेव्हापासून शनिवारी सकाळी कॅब करून जातो आणि वाहतूक देईल तेव्हा पोहोचतो.

"बाबा, आपल्या खालीच ताजी बिअर बनवून देतात," मुलगा म्हणतो. "घरी आणून देतो, हवी तर."

बिअर मिळते हे मला ठाऊक आहे. अण्णा कोणी आणून देत नाही.

आणि ती बाटली मला आवडते, हेही स्पष्ट लिहून ठेवतो, कारण मंडळी तिच्याकडे माझे व्यसन म्हणून पाहतात. सकाळपासून पोटात बिनसाखरेच्या चहाखेरीज काही नसताना, दीड तास सिग्नलवर काढून, गुडघा दुमडून एकदाचे त्या खुर्चीत बसल्यावर पेल्यावर जो थंड ओलावा धरतो, त्याकडे मी आधी थोडा वेळ पाहत राहतो. मग पहिला घोट. तो कडू घोट घशातून उतरताना आतली रिकामी जागा कळते. पोटभर जेवून प्यालेल्या बिअरला ही चव नव्हती. भुकेने मला फारसे काही दिले नाही, एवढे मात्र दिले.

"गुरू, तू पीत नाहीस, पूजा करतोस," अण्णा म्हणतात. मसाला लावलेल्या शेंगदाण्यांची माझी बशी मी त्यांच्याकडे सरकवतो. "सरी, बरं तर, तुझ्या गुडघ्यासाठी मी खातो," म्हणून ते दोन्ही बशा संपवतात.

आता घरचे. माझी पत्नी लग्नाआधीपासून शनिवार करते. दिवसभर उपास, संध्याकाळी देवापाशी दिवा लावून मारुतीचे नाव घ्यायचे आणि मग जेवायचे. माझ्या उपाशी राहण्याच्या पहिल्याच शनिवारी तिने खिचडीची बशी माझ्यासमोर ठेवली.

"हे नको," मी म्हणालो. "मी उपास करत नाही. मी फक्त जेवत नाही."

"बरं," ती म्हणाली आणि बशी उचलून घेतली.

पुढे तिने स्वतःसाठीही खिचडी करणे सोडले; एखादे केळे खायची. संध्याकाळी मी परत येई तोवर दिवा लागलेला असे. मला भुकेने काही सुचत नसे आणि तिची उपास सोडण्याची वेळ झालेली असे, तेव्हा दोन ताटे एकदम वाढली जात. पूर्वी शनिवारी मी दुपारीच बाहेर भरपूर खाऊन येत असे आणि ती एकटी जेवत असे. आता आम्ही समोरासमोर बसून ज्वारीची भाकरी खात होतो. याला मी काही नाव दिले नव्हते. तिने दिले. खाली बाकावर बसणाऱ्या बायकांना ती म्हणाली, "आता ह्यांचाही शनिवार असतो."

बायकांकडून ते आमच्या संकुलातल्या मराठी मंडळाकडे गेले. मंडळात पुण्या-मुंबईची आणि नागपूरची, संगणकाच्या नोकऱ्या करणारी तरुण मंडळी आहेत. हनुमान जयंतीची आरती या वर्षी शनिवार करणाऱ्या ज्येष्ठाच्या हस्ते व्हावी, असे त्यांनी ठरवले. मी फोनवर नकार दिला; त्यांना तो विनय वाटला. त्यानंतर त्यांच्यातला एकजण मोटारसायकल दुरुस्तीला घेऊन शिवाजीनगरला गेला आणि गॅरेजसमोरच्या बारच्या दारातून त्याला मी दिसलो. तो आत आला असता तर मी त्याला खुर्ची दिली असती. त्याने बाहेरूनच मंडळाच्या ग्रुपवर लिहिले. वीस मजल्यांवर ते पोहोचले तेव्हा मी अजून अर्ध्या बाटलीवर होतो.

"लोक हसतायत, बाबा," मुलगा रात्री म्हणाला. "शनिवार सोडा ना. काही दिवस तरी."

आठवड्यातला तो एक वार काढून घेतला तर माझ्याकडे गुडघा, वजनाचा काटा आणि सात मजले खाली दिसणारा पोहण्याचा तलाव एवढेच उरते. हे मी त्याला बोललो नाही. मी म्हणालो, "हसू देत."

रविवारी सकाळी दोघे घरी आले. एक तो मोटारसायकलवाला, आणि दुसरे शेजारच्या इमारतीत मुलाकडे राहणारे पुण्याचे निवृत्त गृहस्थ.

"गैरसमज करून घेऊ नका," गृहस्थ म्हणाले. "ज्याची त्याची आवड असते. पण निदान उपासाच्या दिवशी..."

"उपासाला बिअर चालत नाही," मी म्हणालो. "ती जवाची असते आणि जव हे धान्य आहे."

"तेच म्हणतोय मी."

"म्हणूनच मी उपास करत नाही."

तरुणाने मोबाइल खिशात ठेवला. "काका, ॲक्च्युअली कोणालाच इश्यू नाहीये. फक्त शनिवारऐवजी दुसरा दिवस घेतलात ना, तर सगळं स्मूथ होईल."

"बुधवारी प्यालो तर चालेल?"

"बुधवारी कोण बघतंय, काका."

"बुधवारी माझा मित्र नातवंडे सांभाळतो."

"मित्रालाही समजावता येईल की," गृहस्थ म्हणाले. "बायका-माणसांत विषय होतो हो. शेवटी श्रद्धेचा प्रश्न आहे."

"तुमच्या श्रद्धेला मी हात लावलेला नाही. मला आरतीला बोलवा, असे मी म्हटले नव्हते. मी भाविक आहे, असेही म्हटले नव्हते. तुम्ही मला आधी वर चढवले आणि आता पडलो म्हणून समजूत घालायला आला आहात."

"मग वहिनी तसं का सांगत होत्या?"

पत्नी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिले. मी म्हणालो, "तिने सांगितले ते तिचे. मी तसे कधीही म्हटलेले नाही."

हे वाक्य खरे होते आणि आजही खरे आहे.

तिने ट्रे टीपॉयवर ठेवला. "खरंय," ती पाहुण्यांना म्हणाली. "ह्यांचा उपास नसतो. हे शनिवारी बिअर प्यायला जातात, मित्राबरोबर. मीच तसं सांगत सुटले. उद्या खाली सगळ्यांना मीच सांगते. साखर किती घालू?"

गृहस्थांनी बिनसाखरेचा चहा घेतला, तरुणाने घेतलाच नाही. पाच मिनिटांत ते गेले. शनिवार माझ्याकडे राहिला. मुलानेही तो विषय पुन्हा काढला नाही. दुसऱ्या दिवशी ती खरोखरच खाली गेली आणि बाकावरच्या बायकांना सांगून आली. ते सांगताना तिला काय वाटले असेल याचा अंदाज मला लिफ्टमधून बाहेर येणारा तिचा चेहरा पाहून करता आला.

"इतके स्पष्ट सांगायची गरज नव्हती," मी म्हणालो.

"तुम्ही खोटे पडू नये म्हणून सांगितलं."

"मी खोटा पडतच नव्हतो."

"तुम्ही जेवत नव्हता, मीही जेवत नव्हते," ती चपला काढत म्हणाली. "दोघं एकाच दिवशी उपाशी. ह्याला दुसरं काय म्हणतात ते मला कळलं नाही, एवढंच."

"उपासाला संकल्प लागतो."

"लागतो की. मी केला होता. दोघांचा मिळून, तुमच्या गुडघ्यासाठी."

दुसऱ्याच्या वतीने संकल्प करता येतो का, यावर मला बोलता आले असते. शास्त्र तिच्यापेक्षा मी जास्त वाचले आहे, मानत नसलो तरी. पण ती आत निघून गेली होती, आणि तिच्या मागोमाग आत जाऊन वाद घालण्याइतका जोर माझ्यात नव्हता.

पुढच्या शनिवारी मी गेलो. गेलो नसतो तर मंडळाने समजावल्यामुळे सोडले, अशी तिसरी हकिकत तयार झाली असती. सिल्क बोर्डाच्या चौकात नेहमीपेक्षा जास्त वेळ गेला. अण्णांना मी सगळे सांगितले. ते खोकला लागेपर्यंत हसले आणि मग माझ्याकडे पाहून थांबले.

"आज स्वल्प कमीच पी, गुरू. तोंड उतरलंय तुझं."

मी पाव बाटली त्यांच्या पेल्यात ओतली. बिअर चांगली होती, हे मुद्दाम नमूद करतो, कारण पश्चात्तापाने मला ती कडू लागली असे उद्या कोणीतरी सांगेल. बिअर कडूच असते. मी दमलो होतो. वादात जिंकल्यावर पूर्वी अंगात बळ येत असे. या वेळी जिन्यासारखे झाले होते, चढून गेलो आणि वर पोहोचल्यावर फक्त पाय दुखत होते.

घरी आलो तेव्हा देवापाशी दिवा लागला होता आणि टेबलावर एकच ताट होते. मुलगा-सून बाहेर गेली होती. पत्नी माझ्याकडे न पाहता म्हणाली, "तुमचं बाहेर झालं असेल."

"नाही. सकाळपासून काही खाल्लेले नाही."

"मग उपास झाला की."

ती थट्टा करत नव्हती. हो म्हणालो असतो तर तिला बरे वाटले असते, हे मला समजत होते.

"नाही," मी म्हणालो.

मग फळीवरून दुसरे ताट काढून तिने माझ्या जागेवर ठेवले. "नाही तर नाही. बसा. दोन किलो राहिलेत ना अजून? भाकरी अर्धीच वाढते."

मी बसलो, गुडघा सरळ करायला नेहमीइतकाच वेळ लागला. भाजी गरम होती आणि मला भूक लागली होती. समोर ती डोळे मिटून नाव घेत होती, ओठ हलत होते, आणि या वेळी ते जरा लांबले. मी घास तोडला नाही. तिचे होईपर्यंत हात ताटाबाहेर ठेवून बसून राहिलो. याचा अर्थ मी उपवासात सामील झालो, असा कोणी काढू नये. समोरचे माणूस थांबलेले असले की कोणीही थांबतो.