उत्तरासाठी मोकळी ठेवलेली जागा

सुलोचनाताई निमकाळे यांना मी पहिल्यांदा पाहिले ते बडनेरा स्टेशनच्या बाकावर. शेजारी गोदडीत गुंडाळलेले, कमरेएवढ्या उंचीचे काहीतरी उभे होते. फुलांची टोपली घेऊन बसलेल्या एका बाईंनी विचारले, "बाई, हे काय हाय? चरखा हाय काय?" ताईंनी उत्तर देण्याऐवजी गोदडीची गाठ सोडली आणि तिथेच वाजवायला सुरुवात केली. अकोल्याची गाडी आली, गेली. मला तिच्यातच बसायचे होते, पण मी उठलो नाही.

मी अकोल्याचा पेटीवाला. जन्म गवयांच्या साथीला बसण्यात गेलेला, त्यामुळे कुणी न विचारता मत देण्याची खोड. वादन संपल्यावर मी पुढे होऊन म्हणालो, "गोड आहे, पण याच्यावर मींड निघते का?" ताईंनी विचारले, "आपण काय वाजवता?" "हार्मोनियम." "मग तिच्यावर निघते?" पेटीवर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतच नाही, मींड कुठून निघणार! फुलवाल्या बाई खो खो हसल्या. ताईंशी माझी ओळख ही अशी झाली, आणि तेव्हापासून त्यांच्यापुढे वाद जिंकल्याचे मला आठवत नाही.

ताई अमरावतीच्या एका मुलींच्या शाळेत संगीत शिकवत. निवृत्तीनंतर त्या आयर्लंडला नर्स असलेल्या लेकीच्या बाळंतपणासाठी गेल्या. शेजारच्या आजीबाईंकडे केल्टिक हार्प, म्हणजे उभ्या तारांचे तिकडचे जुने वाद्य, होता. रोज दुपारी बाळ झोपले की ताई तिकडे जाऊन बसत. बाळंतपणाला गेलेली बाई वाद्य घेऊन परतली, याचे अमरावतीत बरेच दिवस हसू झाले. हसणारे आज या गौरवग्रंथाच्या समितीत आहेत, हे मी मुद्दाम नोंदवतो.

या हार्पला प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाशी एक छोटा खटका असतो. तो उचलला की स्वर अर्ध्याने चढतो. दोन्ही हातांनी तारा छेडायच्या, गाणेही आपलेच आणि साथही आपलीच. थंड हवेत जन्मलेले हे वाद्य आमच्या उन्हाळ्यात तडकायला बघते. ताई पेटाऱ्यात ओला पंचा ठेवून त्याला जपत आल्या आहेत. या एका वाद्यावर त्यांनी लग्नातल्या बँडच्या चाली बसवल्या, आयर्लंडच्या आजीबाईंकडच्या धुना बसवल्या, जुनी सिनेमागीते बसवली. पण त्यांचे खरे काम म्हणजे वऱ्हाडातल्या बायकांची भुलाबाईची, म्हणजे इकडच्या भोंडल्याची, गाणी. या कामाला तोड नाही, असे मी छातीठोकपणे म्हणतो.

त्यांच्या हाताखाली मी कसा आलो तेही सांगतो. जीपच्या दारात माझी उजवी करंगळी चेंगरली आणि पेटी सुटली. मी घरात तोंड पाडून बसलो होतो. ताई अमरावतीहून आल्या, चहा घेतला, माझा हात उलटसुलट पाहिला आणि म्हणाल्या, "हार्पला करंगळी लागतच नाही. सोमवारपासून या." सहानुभूतीचा एक शब्द नाही. ती मागल्या दाराने येणारी माया मी आजही विसरलेलो नाही.

ताईंची काम करण्याची एक रीत आहे. भुलाबाईची गाणी संपली की खिरापतीचा डबा हलवून पुढे ठेवतात. आत काय आहे ते मुलींनी ओळखल्याशिवाय झाकण उघडत नाही. ताईंनी तोच नियम स्वतःला लावला. नवी रचना तयार झाली की त्या तेल्हाऱ्याजवळच्या आपल्या माहेरी जातात आणि मळ्यातून परतलेल्या बायकांपुढे, नाव न सांगता, वाजवतात. बायकांनी गाणे ओळखले तर रचना पास. नाही ओळखले तर वहीतले पान फाटले. माझ्या आवडीची किती पाने अशी गेली, ते मलाच ठाऊक.

त्यात एक गाणे अडले. ते फक्त अनसूयामावशींना येत होते. मावशी ताईंच्या आईच्या मैत्रीण, आयुष्यभर मेथी-वांग्याचा मळा केलेल्या, आता नव्वदीच्या घरात. ताईंनी ते त्यांच्याकडून फोनवर ध्वनिमुद्रित करून घेतले होते. माहेरी कोण आली, असे विचारणारे ते गाणे. मावशी प्रत्येक कडव्यात एका ठिकाणी थांबत. मी म्हटले, वय झाले, दम लागतो. त्या जागी मी ताईंना सुरांची एक सुंदर लड सुचवली आणि हट्टाने घालायला लावली.

मावशींनी ते ऐकले आणि मान हलवली. "गोड वाजवून रायली तू सुलू, पन हे माह्यं गानं नाही."

मी कोपऱ्यात घाम पुसत होतो. ताईंनी माझे नाव घेतले नाही. "माह्यं चुकलं मावशी," त्या म्हणाल्या. "तुले दम लागला म्हनून मी तिथं सूर भरले."

"दम कायचा लागते मले!" मावशी उसळल्या. "मी इचारलं का बाकीच्या बायका जवाब देत. लेकीचं नाव घेत. आता त्यातली एकबी रायली नाही, मंग मी उगी नाही बसू त काय करू?"

परतताना गाडीतच ताईंनी माझ्या लडीचे पान फाडले.

पुढे अश्विनात अकोल्यात ताईंचे एकल वादन ठरले. मावशींना पुतण्याने तेल्हाऱ्याहून आणून पहिल्या रांगेत बसवले होते. आयोजकांनी मोठ्या मानाने कूलर मंचाकडे फिरवला. ओल्या हवेने तारा उतरतात, म्हणून ताईंनी तो बंद करायला लावला. ऑक्टोबरची ती उकाड्याची संध्याकाळ. मी विंगेत ताईंना विनवले, "निदान एखादा सूर तरी ठेवा. सभागृह गप्प राहिलं तर गाणं सगळ्यांदेखत मरेल." ताई म्हणाल्या, "मरलं त मरलं. थे जागा आपली नाही भाऊ." ताई वऱ्हाडीवर आल्या की विषय संपतो.

पहिले कडवे. हार्पने विचारले, ताईंनी हात तारांवरून उचलले. कुणी काही बोलले नाही. दुसरे कडवे, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा हात उचलले गेले आणि पहिल्या रांगेतून एक चिरका, खणखणीत आवाज आला:

"सुलू आली वो!"

ताईंचे डोळे भरले, पण लय हलली नाही. चौथ्या कडव्याला मागून कुणी "वंदी आली" म्हणाले, कुणी "मंगला आली." मग सगळे सभागृहच उत्तर देऊ लागले. बायका लेकींची नावे घेत होत्या, सुनांची घेत होत्या, एक बाप्या माणूस बहिणीचे नाव घेऊन रडत होता. गाणे चार कडव्यांचे. ताईंना ते कितीदा फिरवावे लागले याला गणती नाही. शेवटी मावशी काठी आपटत म्हणाल्या, "हे माह्यं गानं!" त्यानंतर टाळ्यांनी जे छप्पर दणाणले, तसा विजय मी मोठमोठ्या गवयांच्या वाट्याला आलेला पाहिलेला नाही.

आज तेल्हाऱ्याकडच्या मुली ते गाणे म्हणतात. ताईंच्या रचनांच्या पुस्तकात त्या पानावर चार ठिकाणी कोरी जागा आहे. छापणाऱ्याने चूक समजून ती दोनदा भरून काढली होती आणि मी, हो, मीच, ती दोनदा रिकामी करून घेतली.

ताई पंचाहत्तर वर्षांच्या होत आहेत. त्यांच्या बोटांना बळ राहो, तारांना आमचा उन्हाळा न बाधो, आणि शंभरीतही त्यांनी माझ्या आवडीची पाने अशीच फाडावीत. ताई, आपण विचारत राहा आणि हात उचलत राहा. आपले नाव घ्यायला आता अख्खे वऱ्हाड बसले आहे.