अण्णांचा तक्ता

या जगातलं प्रत्येक यंत्र खोटं बोलतं आणि ते पकडायला देवाने आपल्यालाच धाडलंय, अशी पक्की खात्री असलेला एकच माणूस मी पाहिला. तो म्हणजे माझ्या बायकोचे थोरले भाऊ. बंगळूरमधलं आमचं सगळं मल्लेश्वरम त्यांना अण्णा म्हणे. उभी नोकरी त्यांनी कारखान्यातली मापकं तपासण्यात घालवली आणि निवृत्तीनंतर तपासायला कारखाना उरला नाही म्हणून ते जगाकडे वळले. बाजारात जाताना त्यांच्या पिशवीत स्वतःचं अर्ध्या किलोचं वजन असे. भाजीवाली निमूटपणे आधी ते तराजूत टाकून दाखवी आणि मगच वांग्यांना हात लावी. घरात कुणाला ताप आला की दोन थर्मामीटर निघत. दोघांचं एकमत झालं नाही, तर अण्णा तिसरा आणायला जात आणि परत येईपर्यंत ताप उतरलेला असे.

मुलाने परदेशातून नाडी मोजणारं घड्याळ पाठवलं, तेव्हा तर त्यांना हक्काचा आरोपीच मिळाला. हे घड्याळ म्हणे नाडीच्या ठोक्यांवरून व्यायामात किती कॅलरी जळल्या ते सांगतं. अण्णांनी पडताळ्यासाठी छातीला वेगळा पट्टा बांधला, तिसरा साक्षीदार म्हणून मानेवर दोन बोटं ठेवली आणि त्या थाटात ते तळ्याभोवती फिरू लागले. एकदा रिक्षाच्या मीटरवरून कडाक्याचं भांडून आले आणि विजयी मुद्रेने मनगट माझ्यापुढे धरलं. "बघा भावोजी, बसल्या जागी चाळीस कॅलरी! नाडी वाढली की याला व्यायामच वाटतो. राग काय, कॉफी काय, सगळं एकच. स्वल्पसुद्धा अक्कल नाही याला." मी पोट धरून हसलो.

त्याच्या आदल्याच वर्षी अण्णांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. या भांडणानंतर थोड्याच दिवसांनी डॉक्टरांनी नाडी ताब्यात ठेवणारी नवी गोळी सुरू केली, रोज एक, न चुकता. आता गोळी नाडीला वाढूच देईना. अण्णा दोन फेऱ्या मारून घामाने निथळत आणि घड्याळ म्हणे, हा माणूस जवळजवळ बसूनच आहे. दुसऱ्या कुणी घड्याळ खणात टाकलं असतं. अण्णांनी वही काढली. कारखान्यात चुकणारं मापक ते टाकून देत नसत; किती चुकतं त्याचा तक्ता करून शेजारी टांगत. तसाच तक्ता त्यांना या घड्याळाचा हवा होता. "गोळी घेऊन आठ दिवसांचे आकडे झाले. आता गोळीविना आठ दिवस. फरक निघाला की संपलं. हिला मात्र सांगू नका हं, उगीच घाबरेल." ही म्हणजे माझी बायको. वहिनी गेल्यापासून अण्णांच्या गोळ्यांवर तिचीच नजर असे.

"अण्णा, डॉक्टरांना एकदा विचारा तरी," मी म्हणालो.

"त्यांचं रक्तदाबाचं यंत्र तपासलंय मी. तेसुद्धा चुकतं."

मला पुन्हा हसू आलं. हात धरून थांबवायला हवं होतं, ते मी हसण्यावारी नेलं. इतकंच नाही, चालताना चष्मा लावायचा त्यांना कंटाळा, म्हणून आकडे मीच लिहून घेऊ लागलो.

गोळीविना पाचव्या सकाळी, दुसऱ्या फेरीत, अण्णा बाकावर बसले. "स्वल्प थांबू या," म्हणाले. घड्याळात बघून त्यांनी आकडा सांगितला. मी तो लिहून मान वर केली, तोवर ते एका कुशीवर कलंडले होते. रुग्णवाहिका लवकर आली, पण उपयोग झाला नाही.

गोळी चालू असती तर अण्णा वाचले असते का, हे मला माहीत नाही, आणि विचारायचं धाडसही झालेलं नाही. त्यांची फार आठवण येते. स्वतःचा रागही येतो. तळ्याकडे मी आता फिरकत नाही. बायको मात्र अधूनमधून काम करता करता थांबते आणि तेच विचारते, "गोळ्या तर वेळेवर घेत होते ना हो अण्णा?"

"घेत होते," मी सांगतो.

"सरी, मग ठीक," ती पदराने डोळे पुसत म्हणते, "शेवटी तुम्ही होतात जवळ. तेवढंच माझं समाधान."