आतोबांची पिकअप

इतका विचार करून इतकं कमी विकत घेणारा माणूस आमच्या आतोबांखेरीज साऱ्या ठाणे जिल्ह्यात सापडायचा नाही. आतोबा म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. ड्राफ्ट्समनच्या नोकरीतून निवृत्त होऊन ते गिरगावातून पूनम सागर वसाहतीत राहायला आले आणि जवळच्या राई गावातल्या एका ओळखीच्यांच्या वाडीत त्यांनी चाकांवरची एक लोखंडी खोली बांधून घेतली. दोन बाक, स्टोव्हला कट्टा, खिडक्यांना आत्यानं शिवलेले पडदे. आत्याला सगळा देश बघायचा होता, पण लॉजच्या गाद्यांची तिला भारी किळस. खोली सहा महिन्यांत झाली. ती ओढायला कुठली पिकअप घ्यायची, हे ठरवायला चार वर्षं लागली.

सेकंडहँड गाडी बघायला आतोबा मोजपट्टी, टॉर्च आणि वही घेऊन जात. विकणारा इंजिनाची तारीफ करू लागला की म्हणत, "ओढेल हो. उतारावर मागून खोली ढकलायला लागली तर थांबेल का, ते बोला." केबिन रोडच्या एका दलालाला तर त्यांनी हौद्यात उड्या मारायला लावल्या आणि स्वतः खाली वाकून चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे किती दबतात ते मोजत राहिले. दलाल घामाघूम. "अंकल, गाडी लेनी है या मेरी कसरत करानी है?" आतोबा शांतपणे म्हणाले, "और दो बार." खोली ट्रॅक्टरनं वजनकाट्यावर नेली तेव्हा आत्यालाही आत बसवलं, कारण त्यांना 'भरलेलं वजन' हवं होतं. त्यांनी आकडा मोठ्यानं वाचला, तशी आत्या खिडकीतून ओरडली, "त्यात लोखंड किती, तेही सांगा लोकांना!"

तिसऱ्या वर्षी आत्याचे गुडघे धरले. मी म्हटलं, "आतोबा, आता कुठली तरी घेऊन टाका."

"घेतोय रे. तिला न्यायचंय, चुकून चालणार नाही."

अखेर उत्तनच्या एका मासेवाल्याची पिकअप पसंत पडली. "गाडी बरी हाय काका," तो म्हणाला, "पन चढावर घाई करायची न्हाय." दोष आपणहून सांगणारा हा पहिलाच, म्हणून आतोबांनी घेतली.

पहिली सफर उत्तनच्या किनाऱ्यापर्यंत झाली, दोन दिवसांची. दुसरी झालीच नाही. डॉक्टरांनी आत्याचा लांबचा प्रवास बंद केला. खोली राईत परत आली. मग आतोबांनी तिच्या दाराला आणखी एक बुटकी पायरी जोडून घेतली आणि संध्याकाळी दोघं, पिकअप आत्याला चढायला उंच म्हणून, रिक्षानं तिथं जाऊन खाडीकडे बघत चहा पिऊ लागली.

एकदा मीही होतो. आतोबा एकदम म्हणाले, "जरा लवकर ठरवायला हवं होतं."

"मला कुठलीही चालली असती," आत्या म्हणाली.

"मग तेव्हा सांगायचं नाही का?"

"तुम्ही इतक्या हौसेनं बघत होतात," ती म्हणाली आणि त्यांच्या कपात उरलेला चहा ओतला.