जयवंताआक्काची गार गाडी

आमच्या अंथुर्ण्यात ट्रॅक्टर चालवणाऱ्या बाया हायेत, स्कूटीवाल्या तर गल्लोगल्ली. पण चारचाकी चालवणारी पहिली बाई म्हंजी माझी थोरली जाऊ, जयवंताआक्का. तिचा अजित चाकणला कंपनीत लागला अन् त्यानं हौसेनं घेतलेली जुनी पांढरी गाडी लिंबाखाली तशीच उभी राहिली. तिच्याखाली कोंबड्या अंडी घालायला लागल्या. एक दिवस आक्का म्हणाली, हिला काय नुसती बसवून ठेवायला आणलीय व्हय, अन् पदर खोचून स्टेअरिंगवर बसली. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या न्हाणीची भिंत पाडली. मी कितीतरी दिवस तिच्याशी बोलले न्हाय. मला राग लवकर येतो, सगळ्या गावाला ठाऊक हाय, त्यात लपवायचं काय.

गाव हसलं. आक्का म्हणायची, हसतील त्यांचे दात दिसतील. अन् ज्यांचे दात दिसले तीच माणसं पुढं तिच्या दारात यायला लागली. कुणाच्या लेकीला बाळंतपणाला बारामतीला न्यायचं, कुणाच्या पेरूचे क्रेट इंदापूरच्या बाजारात टाकायचे, कुणाचा जावई एसटी चुकून फाट्यावर बसलाय. आक्काला कुणाला न्हाय म्हणता येत न्हाय. एकदा तर तिनं मागच्या शिटावर पोतं टाकून शेळी आणली. तात्या, म्हंजी तिचे मालक, कायम शेजारच्या शिटावर बसतात अन् एकच शब्द बोलतात, सावकाश. आक्का ऐकत न्हाय. पण तात्या संगं नसले की तिला गाडीत करमतबी न्हाय.

ह्या बाईला गाडीच्या एसीचा एवढा सोस का, ते सांगते. तिचं माहेर वरकुट्याचं. लग्न झालं ऐन वैशाखात, अन् वरात आली ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतनं. वर कापड न्हाय, खाली तापलेला पत्रा. दारात उतरली तवा कपाळाचं कुंकू नाकापतुर उतरलेलं, अन् ओवाळायच्या आतच भोवळ येऊन पडली. झालं. बायांनी तोंडाला पदर लावला. नवरी नाजूक हाय, नवरी आजारी हाय, असं वर्षभर चाललं होतं. त्यानंतर तिनं शेतात गड्याच्या बरोबरीनं काम करून दाखवलं, पण ती गोष्ट तिच्या मनातनं गेली न्हाय. तिला लेक न्हाय. माझी छकुली तिच्याच मांडीवर वाढली. पोर एवढुशी होती तवापासनं आक्का तिला सांगायची, तुला मी गार गाडीतनं नांदायला नेणार, मोगऱ्याचं फूलसुदिक कोमेजू द्यायची न्हाय.

छकुलीचं जमलं वडगाव निंबाळकरच्या राजवर्धनशी. चांगलं घर, उसाची शेती, गोठ्यात गाया. सुपारी फोडायच्या बैठकीत व्याही म्हणाले, नवरा-नवरीला न्यायला आमची मोठी गाडी येईल. सगळी वडीलधारी माणसं बसलेली, अन् आक्का आतनं चहाचा ट्रे घेऊन आली ती तिथंच उभी राहून म्हणाली की पोर माझ्या गाडीतनं जाईल, पाठराखीण मीच अन् ड्रायव्हरबी मीच. आमच्या मालकांनी मान खाली घातली. मी डोळे वटारले. पण व्याही दिलदार माणूस. हसले अन् म्हणाले, न्या की, पण ऊन मे महिन्याचं हाय, आमची गाडी मागं उभी राहील. नवरी भाजायला लागली तर आमच्या गाडीत बसवायची, कबूल? आक्का म्हणाली, कबूल. म्हंजी सगळं त्या एसीवर येऊन ठेपलं.

अन् नेमका त्याच महिन्यात गाडीच्या रेडिएटरचा फॅन जळाला.

आमच्या आळीत गोकुळ हाय. डाळिंबाच्या बागांत औषध फवारायचे ब्लोअर दुरुस्त करतो. ट्रॅक्टरमागं तो भलाथोरला पंखा घरघरतो न्हाय का, त्यात त्याचा हात कुणी धरणार न्हाय. आक्कानं त्यालाच बोलावलं. त्यानं नवी मोटर आणली, तिच्या वायरीचं टोक गाडीच्या टोकाला जुळेना म्हणून दोन वायरी हातानंच जोडल्या अन् टेप गुंडाळली. मग इंजिन चालू करून त्यानं आमाला सगळ्यांना गाडीच्या तोंडापुढं उभं केलं. जाळीतनं असा झोत आला की माझा पदर उडाला. गोकुळ म्हणाला, वहिनी, ह्या वाऱ्यावर बाग फवारून निघंल. आमी सगळ्यांनी हात लावून बघितलं अन् खूश झालो. मी त्याला चहा दिला, वर शंकरपाळ्याबी दिल्या. त्या शंकरपाळ्यांचं मला अजून वाईट वाटतं.

कारण दुसऱ्या दिवसापासनं गाडीला वेड लागलं. अंगणात उभी असली की एसी बरा लागायचा. रस्त्याला लागून जरा चालली, की आतनं गरम फुंकर यायला लागायची अन् इंजिन किती तापलं ते दावणारा काटा चढायचा. मोठ्या रोडला जोरात पळवली की पुन्हा जरा बरं. उसाच्या ट्रॉलीमागं रांगायची वेळ आली की आत भट्टी. छकुलीला घेऊन आक्का बारामतीला साड्या बघायला गेली, तर पोर परत आली ती टोमॅटोसारखी लाल होऊन. आक्काचं तोंड त्याहून लाल.

मग सुरू झाली वारी गॅरेजांची. बारामतीत एकानं गॅस भरला. उभ्या गाडीत हात धरून बघितला, म्हणाला झाली गार. इंदापुरात एकानं जाळीतलं पाचट काढून पाण्यानं धुतली. तिसरा म्हणाला कॉम्प्रेसर बदला. सगळ्यांनी फॅन बघितला, अन् फॅन तर फिरतच होता, त्यावर कोण बोलणार. अजित फोनवर म्हणायचा, आई, व्याह्यांची गाडी घ्या की, त्यात काय एवढं. आक्का फोन बंद करायची. पोरानं आईच्या मनातलं ओळखू नये ह्याचा मला असा संताप आला, की मीच त्याला उलटा फोन करून झाडला.

पण खरं सांगते, मलाबी वाटायला लागलं होतं की पुरे आता. उद्या लग्न, दारात मांडव, घरात पाव्हणे, अन् ही बाई गाडी चालू करून तिच्यापुढं उभी. माझी पोर नवीन घरात जाणार, ती घामानं निथळत जायला पायजे का? हे मी आक्काच्या तोंडावर बोलले. ती गाडीत जाऊन बसली अन् दार लावून घेतलं. मला माझ्याच जिभेचा राग आला.

त्या दिवशी वारा अगदीच पडलेला. आमी बाया मांडवात गहू निवडत होतो. मांडवात जागा उरली न्हाय म्हणून मी सूप घेऊन गाडीच्या तोंडापाशी सावलीत बसले. गाडी चालूच होती, आक्का आत बसून एसीपुढं हात धरून होती. मी सूप झटकलं अन् सगळी फोलपटं माझ्याच तोंडावर. पुन्हा झटकलं, पुन्हा तेच. डोळ्यांत गेलं, केसांत गेलं, नाकात गेलं. आधीच माझं डोकं तापलेलं. मी उठून बॉनेटवर थाप मारली अन् म्हणाले, "आक्का, बंद कर तुझी ही अवदसा. वारा न्हाय म्हणून बसले तर ही मला भुसा चारतीय."

आक्का खाली उतरली. मला वाटलं आता आमची जुंपणार. पण तिनं माझ्या सुपातली मूठभर फोलपटं उचलली अन् जाळीपुढं धरून सोडली. ती सगळी उडून लांब पडली. तिनं पुन्हा मूठ भरली, पुन्हा सोडली. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "सारजा, गाडी पळती तवा वारा कुठनं येतो?"

समोरनं येतो, मी म्हणाले. लहान पोराला कळतं.

"अन् हिचा वारा कुठं निघालाय?"

समोरच निघाला होता. माझ्या डोळ्यांत त्याचा पुरावा होता. एका उंबऱ्यात हंडा घेऊन एक बाई आत निघाली अन् दुसरी बाहेर निघाली, तर दोघी दारातच अडकणार, आत कुणीच जायचं न्हाय. तसं झालं होतं. बाहेरचा वारा आत येऊ बघायचा, फॅन त्याला ढकलून लावायचा, अन् मधल्यामधी इंजिन भाजत होतं. गोकुळनं बागेतला ब्लोअर बसवावा तसा तो बसवला होता. ब्लोअरनं औषध लांब फेकायचं असतं. गाडीच्या फॅननं वारा आत ओढायचा असतो. अन् आमी सगळी बागाईतदार माणसं पुढं हात धरून वा वा करत बसलो. काखेत कळसा अन् गावाला वळसा.

गोकुळ आला तो आधी भांडलाच. म्हणाला, पंखा वारा फेकणारच, त्याचं कामच ते. आक्कानं बोलता बोलता त्याच्या हातात फोलपटांची मूठ दिली. त्यानं सोडली, त्याच्याच मिशीत जाऊन बसली. मग तो मटकन खाली बसला अन् असा हसायला लागला की आमालाबी आवरंना. उलट्या जोडलेल्या त्या दोन वायरींची अदलाबदल केली, पंखा सुलटा फिरायला लागला, तेवढंच काम. पुन्हा इंजिन चालू केलं अन् मी सूप झटकलं. फोलपटं भुर्रकन जाळीला जाऊन चिकटली. मी, एवढी म्हातारी व्हायला आलेली बाई, टाळ्या वाजवल्या.

आक्का लगेच तात्यांना अन् मला घेऊन निघाली. मुद्दाम बाजारातनं, मुद्दाम एका बैलगाडीमागनं, रांगत रांगत. काटा जागचा हलला न्हाय. पुढनं असा गारवा यायला लागला की तात्यांनी टोपी कानावर ओढली. आक्का नुसती समोर बघत होती अन् डोळ्यांतनं पाणी गळत होतं. मी म्हणाले, भुसा गेला वाटतं डोळ्यात. ती व्हय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं. जेवणावळी उठल्या, अन् ऐन उन्हाच्या वेळेला पाठवणी आली. आक्काची गाडी मोगऱ्यानं सजवली होती, पण जाळीपुढं तिनं फूलवाल्याला एक पाकळी लावू दिली न्हाय. मागच्या शिटावर छकुली अन् राजवर्धन, पुढं आक्का अन् तात्या. मागं व्याह्यांची मोठी गाडी, दारं उघडी ठेवून तयार.

आमच्यात लेकीला वेशीपतुर चालत पोचवतात. गाव सगळं लोटलं होतं. चुलत्या, मावश्या, शाळेतल्या मैत्रिणी, सगळ्या गाडीला चिकटून चालायला लागल्या. गाडी मुंगीच्या पावलानं निघाली. त्या चालीलाच तर ती सगळ्यात जास्ती तापायची. मी खिडकीशी चालत होते अन् माझं ध्यान लेकीकडं कमी, त्या काट्याकडं जास्ती. काटा मधोमध होता. व्याह्यांनी पुढं येऊन खिडकीत डोकं घातलं, गार हवा तोंडावर घेतली अन् मागं वळून आपल्या ड्रायव्हरला दारं लावायला सांगितलं.

तवा छकुलीनं काच खाली केली. आतली गार हवा सगळी बाहेर सांडायला लागली. मला वाटलं आक्का ओरडंल. तिनं ओरडायच्या ऐवजी बाकीच्या तिन्ही काचाबी खाली केल्या, म्हंजी ज्याला पोरीचा हात धरायचाय त्याला धरता यावा. एसी तसाच चालू ठेवला. बायांनी चारी बाजूंनी हात आत घातले. पोर रडत होती अन् हसतबी होती, अन् तिच्या कपाळावरचं कुंकू जिथल्या तिथं होतं.

मी तिचा हात धरून चालत राहिले. चालता चालता माझ्या बांगड्या गार लागायला लागल्या. बाहेर डोक्यावर ऊन, अन् हात लेकीजवळ गारव्यात. मला तो सोडवंना. वेस आली, वेस मागं पडली, तरी मी चालतच होते. बाकीच्या बाया थांबल्या होत्या.

आक्कानं गाडी थांबवली अन् मागं वळून हळूच म्हणाली, "सारजा, हात काढ आता. पोर गारव्यात हाय."

मी हात काढला. काचा वर गेल्या अन् गाडी बारामतीच्या रस्त्याला लागली. कोपरापतुर गार पडलेला तो हात मी गालाला लावला अन् गाडी दिसत होती तवर तिथंच उन्हात उभी राहिले.