टपावर पडलेली एक थाप

कोरेगावात माझं औषधांचं दुकान आहे. दिवसभरात दोन-चार जण तरी काउंटरवर कोपर टेकून सांगतात - ताई, अंगात त्राण नाही, कशात मन लागत नाही, कुणाचं तरी लागलंय बघा. मी त्यांना टॉनिकची बाटली विकू शकते, पण विकत नाही. घरी जा, जेवा आणि झोपा, एवढंच सांगते. सांगायचा मुद्दा, भूत, लागीर, करणी असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता आणि खरं सांगू का, अजूनही नाही. म्हणूनच हे लिहू की नको करत इतके दिवस काढले. हसायचं तर खुशाल हसा... तुमच्या जागी मी असते तर आधी मीच हसले असते.

माझे मिस्टर फौजेत आहेत, पोस्टिंग लांब उत्तरेला. घरात मी, आमची मुलगी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणते, आणि सासऱ्यांना मामा म्हणायचे. मामा जाऊन तीन-चार वर्षं झाली. तेही फौजेतच, ड्रायव्हर होते. रिटायर झाल्यावर उसाच्या ट्रॉलीमागं उभं राहून पत्र्यावर थाप मारायचं काम त्यांचंच. दोन थापा म्हणजे चल, एक थाप म्हणजे थांब. ही भाषा त्यांनी घरातही आणली होती. जेवायला बोलवायचं तर दारावर दोन थापा, आणि आम्ही सासू-सुना तावातावानं बोलायला लागलो की भिंतीवर एक. त्यांच्या मनगटात स्टीलचं कडं होतं, फौजेतल्या पंजाबी दोस्तानं दिलेलं. थाप पडली की मागोमाग ते वाजायचं... टिंग. मला त्या टिंगचा फार राग यायचा.

तर गेल्या सुगीत, ऊसतोडी जोरात चालू असताना, आत्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन मिरजेला करायचं ठरलं. मुलीला वाईला माझ्या आईकडं ठेवलं. मी सकाळी दुकान उघडायची, दुपारी पोराच्या - म्हणजे दुकानातल्या कामगाराच्या - हवाली करून गाडी काढायची, आणि रहिमतपूर, कऱ्हाड करत मिरज गाठायची. रात्र वॉर्डात खुर्चीवर. पहाटे परत कोरेगाव. मिस्टर फोनवर म्हणायचे की एखादा ड्रायव्हर घे. मी म्हणायचे, मला काय झालंय? गाडी चालवायला मला मामांनी शिकवलंय.

आता मागं वळून बघितलं की सगळं लख्ख दिसतं. एका गिऱ्हाईकाला चुकीच्या पॉवरची गोळी देता देता राहिले, त्यानंच पाकीट बघून परत केलं. फ्रिज उघडून कशासाठी उघडला ते आठवत उभी राहायचे. दुकानातल्या पोरावर साध्या झाडूवरून खेकसले, आणि नंतर आत जाऊन रडले, तेही कशासाठी ते न कळता. भूक मेलेली. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं व्हायचं आणि उजवी पापणी सारखी लवायची. जांभया तर अशा, की जबडा दुखायचा. हीच लक्षणं घेऊन दुसरं कुणी दुकानात आलं असतं तर मी त्याला हाताला धरून घरी पाठवलं असतं.

पण आमच्याकडं उजवा डोळा लवला की बाईमाणसाला वाईट शकुन, आणि जांभयांवर जांभया म्हणजे दृष्ट. आत्यांनी कॉटवर बसल्या बसल्या निदान केलं. शेजारच्या कॉटवरच्या बाईकडून मीठ-मोहरी मागवली, दोन सुक्या मिरच्याही आल्या, आणि माझ्यावरून ओवाळायला लागल्या. ओवाळता ओवाळता त्यांनाच अशी जांभई आली की डोळ्यांतून पाणी.

"लय लागलीया गं तुला," आत्या म्हणाल्या. "काढणाऱ्याला जांभई आली की समजायचं, दृष्ट जबर हाय."

आत्यांनाही वॉर्डात झोप नव्हती, हे दोघींच्याही डोक्यात आलं नाही. मिरच्या जाळायला सिस्टरनं मनाई केली, म्हणून मी ते सगळं बेसिनमध्ये सोडलं. आणि मी, औषधांची डिग्री घेतलेली बाई, मनात म्हणाले, चला, आता तरी बरं वाटेल.

डिस्चार्ज दुपारी मिळाला. आत्यांना मागच्या सीटवर पाय लांब करून बसवलं, पाठीला उशा लावल्या आणि आम्ही निघालो. सांगली सोडली, आष्ट्यात चहा प्यायलो. चहा पिऊन काच वर केली, एवढं मला पक्कं आठवतं.

आणि मग टपावर थाप पडली.

एकच. डोक्याच्या अगदी वर, उघड्या पंजानं मारलेली, आणि मागोमाग... टिंग. मी काही विचार केला नाही. पायानं आपोआप ब्रेक दाबला. मामांनी शिकवलेलं अंगात इतकं मुरलेलं, की थाप ऐकली की थांबायचं. गाडी घासत जाऊन उभी राहिली, आणि तेव्हा मला समोरचं दिसलं. उसाची भरलेली ट्रॉली. हायवेच्या कडेच्या पट्ट्यात उभी, टायर काढलेला आणि मागं खुणेला हिरव्या वाढ्याचा, म्हणजे उसाच्या शेंड्यांचा, झुपका खोचलेला. तिच्यामागं मांडलेले दगड माझ्या बंपरच्या इतके जवळ होते की खाली उतरून वाकल्यावरच दिसले.

हायवे... आम्ही हायवेवर होतो. म्हणजे पेठनाका मागं गेला होता. तिथं वळावं लागतं, गर्दी असते, एसटी आडव्या येतात. मी तिथं वळले असणारच, गिअर टाकला असणार, आरसा बघितला असणार. मला त्यातलं काहीसुद्धा आठवत नव्हतं. आजही आठवत नाही. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त भीती वाटली ती याचीच, थापेची नाही.

ट्रॉलीचा ड्रायव्हर जॅकपाशी बसला होता, तो उठून आला. तरणा गडी, माणदेशाकडचा. त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

"ताई, लांबनं बघतोय, गाडी सरळ आमच्यावरच येती," तो म्हणाला. "हात केला, वरडलो. तुमचं डोळं उघडं व्हतं, पर तुमी आमच्याकडं बघतच न्हवता."

गाडीवर कुणी काही मारलं का, एखादा मोटारसायकलवाला शेजारून गेला का, असं मी विचारलं. तो म्हणाला रस्ता मोकळा होता, मागंपुढं कुणी नव्हतं. मी टप बघितला. मिरजेत गाडी दवाखान्याबाहेर उभी असायची, टपावर धुळीचा जाड थर होता, वर गुऱ्हाळाची काजळी. त्या थरावर बोटाचीसुद्धा खूण नव्हती. पोचा नाही, ओरखडा नाही. मी हात लावला तर माझाच पंजा उमटला.

शेजारच्या लिंबाची सावली गाडीपर्यंत येत होती, तिथं त्यानं मला बसवलं, पाणी दिलं. आत्यांकडच्या बाजूचा दरवाजा उघडून त्यांनाही वारं लागेल असं केलं आणि परत कामाला गेला. मी गाडीच्या चाकाला टेकून बसले, माझं डोकं आत्यांच्या हाताला लागत होतं. आत्यांच्या जिवाला काही झालं असतं तर मी मिस्टरांना काय तोंड दाखवलं असतं, मुलीला काय सांगितलं असतं... हेच डोक्यात. थापेचं मी आत्यांना बोलले नव्हते. बोलणारही नव्हते. म्हटलं, थकलेल्या डोक्याचे खेळ.

आत्या बराच वेळ माझ्या केसांवरून हात फिरवत होत्या. मग म्हणाल्या, "कवाधरनं हाका मारत हुते तुला. गाडी पट्टा सोडून चालली हुती. तू ओ दिली न्हाईस."

"ऐकूच आलं नाही, आत्या."

"माझं न्हाई आलं. त्यांचं आलं की." आणि माझं मनगट धरून, "कडं वाजलेलं ऐकलंस न्हवं?"

मला रडू आलं. भीतीचं नव्हे हो. आपण दोघी जिवंत आहोत, धडधाकट आहोत, या सुटकेचं रडू होतं ते. आत्याही रडल्या, मग नाक पुसून म्हणाल्या की आता झोप जरा, गाडी कुठं पळून जात न्हाई. मी तिथंच, मातीत, चाकाला टेकून झोपले. अशी झोप मला लेकीच्या जन्मानंतर लागली नव्हती. उठले तेव्हा उन्हं उतरली होती, ट्रॉली निघून गेली होती आणि माझ्या शेजारी कुणीतरी उसाचं सोललेलं कांडं ठेवलं होतं. त्याचा मात्र उलगडा सोपा आहे! पुढं गाडी मी चालवली नाही. माझा भाऊ कऱ्हाडला असतो, त्याला फोन करून बोलावलं, त्यानं आम्हाला घरी आणलं.

आमच्या दुकानासमोर डॉक्टर बसतात, त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले की अशा थकव्यात माणूस उघड्या डोळ्यांनी डुलकी घेतो, आणि झोपेच्या काठावर कानांना आवाज येतात, ओळखीचेच येतात. मला ते पटलं. मग मी विचारलं, पण आत्या तर टक्क जाग्या होत्या, त्यांना कसा आला? डॉक्टरांनी चष्मा पुसला आणि दोघांसाठी चहा मागवला.

मिस्टरांनाही फोनवर सगळं सांगितलं. मामांचं कडं त्यांच्या हातात असतं, तिकडं, हजार मैलांवर. त्या दुपारी ते ड्युटीवर होते. एवढंच म्हणाले की रजा टाकतो, आणि खरंच आले.

आता आत्या काठी टेकत घरभर फिरतात. दृष्ट काढणं बंद झालंय. परवा दुकानातून आले, परातीत पीठ घेतलं, आणि पहिल्याच भाकरीला मला जांभई आली. दुसरीला परत. बाहेरच्या खोलीतून आत्यांनी भिंतीवर एक थाप मारली. मी गॅस बंद केला, पिठावर ताट झाकलं आणि जाऊन आडवी झाले. मुलीनं आणि आत्यांनी मिळून खिचडी टाकली.

त्या दिवशी टपावर थाप कुणी मारली, मला आजही सांगता येणार नाही. तुमच्यापैकी कुणाला सुचलं तर जरूर सांगा. आत्यांच्या थापेमागं टिंग वाजत नाही... पण मी थांबते.