कूलरनं चढवलेली रेघ

आता माझ्यासमोरचं यंत्र बटण दाबलं की सगळं आपलं आपण करतं, आणि मला त्याचा कंटाळा येतो. अमरावतीला पीएचडी करताना आमचं बायोसेन्सर सरांनी सुटे भाग जमवून स्वतः जोडलेलं होतं. सोन्याचा पातळ थर दिलेल्या काचेवर प्रथिन बसवायचं आणि त्यावरून कोलेस्टेरॉलचं द्रावण सोडायचं. ते प्रथिनाला चिकटलं की पडद्यावरची रेघ चढते, सुटलं की उतरते. त्यावरून पकड किती घट्ट ते मोजायचं. त्या खोलीची मला अजून फार आठवण येते.

रेघ मात्र ढिम्म हलत नसे. कोलेस्टेरॉल पाण्यात नीट विरघळत नाही, आणि माझ्याशी तर त्याचं हाडवैरच होतं. अकोल्याच्या जुन्या शहरातून बाबा दर रविवारी फोन करून चौकशी करत. कोर्टातले निवृत्त कारकून. स्वतः कोलेस्टेरॉलची गोळी घेत असल्यानं माझं संशोधन त्यांना घरचं कार्य वाटे.

मे महिन्यात सलग तीन दुपारी रेघ चढली. सुरेख चढण, मग सावकाश उतार. सरांनी शोधनिबंध लिहायला घेतला आणि बाबांनी गल्लीत पेढे वाटले.

चौथ्या दुपारी मी कोलेस्टेरॉल न घालता नुसतं द्रावण सोडलं. हे आधीच करायला हवं होतं, पण आनंदात कोणाला सुचतं! रेघ तश्शीच चढली. मी खोलीभर पाहिलं आणि नजर कूलरवर अडली. एसी बिघडला म्हणून मी घरमालकांचा कूलर मागून आणला होता. नमुना सोडला की हात मोकळे व्हायचे, मग मी कूलर लावायची. द्रावण गार झालं की रेघ चढते आणि टाकीतलं पाणी संपून खोली तापली की उतरते, हे मला पाठ होतं. पण वऱ्हाडात मे महिन्यात कूलर लावणं कोण प्रयोगात धरतं?

सरांनी निबंधाचे कागद ड्रॉवरमध्ये ठेवले. "पाठवायच्या आधी सांगितलंस, बरं केलंस," एवढंच म्हणाले. खरी भीती अकोल्याची होती. बाबांची मान माझ्यामुळं खाली जाणार होती.

शनिवारी घरी जाऊन सगळं सांगितलं.

"म्हंजे ते चिकटलंच नाई?" बाबा म्हणाले. "अन् हे कोनाच्या ध्यानात आलं?"

"माझ्याच."

त्यांनी चपला घातल्या. "चाल. ज्यायले पेढे देल्ले त्यायले सांगून येऊ."

"बाबा, राहू द्या ना. कोण विचारतंय?"

"कोनी इचारत नाई म्हून तं जा लागते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पहिल्याच दारात बाबांनी शेजारच्या काकूंना सांगितलं, "वयनी, पोरीचं चुकलं होतं. कूलरच्या हवेनं मशीन फसली. पन चूक तिनंच धरली, दुसऱ्या कोनी नाई."

दुसऱ्या दारी तेच, तिसऱ्या दारी तेच. आवाज मात्र दर दाराला चढत गेला. पेढे वाटतानाही ते इतके खूश नसतील. मी मागं मान खाली घालून उभी होते, आणि मला रडू येत होतं, पण लाजेनं नव्हे.

पाचव्या दाराची कडी मी वाजवली, आणि तिथून पुढं सगळीकडं मीच सांगितलं.