खाली न बघणारे मामा

माझ्या मामांना मेंदूचा एक दुर्मिळ आजार आहे. त्यांची नजर खाली वळत नाही आणि तोल गेला की ते सरळ मागे पडतात. त्यांच्यासाठी सोलापुरात वृद्धाश्रम बघायला आम्ही त्यांनाच घेऊन निघालो.

पहिल्या ठिकाणी संचालकांनी आजाराचं नाव ऐकलं आणि म्हणाले, "असले पेशंट आमच्याकडे भरपूर आहेत." डॉक्टरांना निदान करायला दोन वर्षं लागली होती, आणि यांच्याकडे म्हणे भरपूर! मग आमचा सत्कार झाला. सोलापुरात पाहुणा दिसला की त्याच्या खांद्यावर टॉवेल आणि हातात नारळ पडतोच. फोटोसाठी त्यांनी मामांच्या हातातला माझा हात सोडवला. मामा नारळासकट मागे कलंडले. मी कसंबसं सावरलं. संचालक म्हणाले, "भारावले बिचारे!"

दुसऱ्या ठिकाणी जेवणाची वेळ होती. स्वयंपाकाच्या बाईंनी मामांपुढे टेबलावर भाकरी-आमटीचं ताट ठेवलं. मामा समोरच्या भिंतीकडेच बघत राहिले. बाईंनी घटकाभर त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं, दोन पातेली उपडी घातली आणि ताट त्यांवर उंच ठेवलं.

"आता दिसतंय न्हवं, मामा?"

"दिसतंय की," मामा म्हणाले आणि कणभरही न सांडता जेवले.

बाईंना आजाराचं नावही माहीत नव्हतं. आम्हाला ते स्पेलिंगसकट पाठ होतं, आणि वर्षभर आम्ही मामांचं ताट जमिनीवर वाढून "सांडू नका" म्हणून त्यांच्यावर ओरडत होतो.